आजारी माता व आपले कर्तव्य

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांच्या नावांखाली बहुधा शेवटची एक ओळ असते : 'विश्रांती घ्यावी, जड उचलू नये.' चिठ्ठीतील बाकीच्या ओळी पुऱ्या करणे फारसे कठीण नाही. गोळ्या सरकारी रुग्णालयात मिळतात, न मिळाल्यास दुकानातून विकत आणता येतात. ही शेवटची ओळ मात्र कोणत्याच दुकानात मिळत नाही. जिच्या कडेवर दीड वर्षाचे मूल आहे, तीन वर्षांचे दुसरे पदर धरून उभे आहे, तव्यावर भाकरी आहे आणि नळाला पाणी यावयाची वेळ झाली आहे, त्या बाईने विश्रांती घ्यावी म्हणजे नेमके काय करावे हे तिला कोणी सांगत नाही; आणि खरे बोलावयाचे तर तिने ते विचारावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. ती चिठ्ठीची घडी करून पदराच्या गाठीस बांधते, घरी येते आणि मुलास पुन्हा कडेवर घेते. लिहिणाऱ्यास जी ओळ सर्वांत स्वस्त वाटली, तीच पाळणारीस सर्वांत महाग पडते. लहान मुलांच्या आईस दीर्घ दुखणे जडले म्हणजे औषधाइतकीच तिला दुसऱ्या दोन हातांची गरज असते, आणि हे हात पुरविणे हे तिच्या एकटीच्या घराचे नव्हे, तर गावाचे व सरकारचेही कर्तव्य आहे, एवढेच आज आम्हांस आमच्या वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

आम्ही चार दिवसांच्या पडशा-तापाविषयी बोलत नाही. तसल्या दुखण्यात शेजारीण दोन भाकरी टाकून देते, सासू मुलास मांडीवर घेते, आणि पाचव्या दिवशी घर पूर्ववत चालू लागते. आमचा रोख आहे तो जी दुखणी माणसास मारीतही नाहीत व सोडीतही नाहीत त्यांवर : आमवात, कंबर व पाठ यांचे जुनाट दुखणे, अर्धशिशी, क्षय, अंगात रक्त कमी असणे, आणि खानदेशाच्या डोंगरपट्ट्यातील सिकलसेल. ही दुखणी विरळा आहेत असे कोणास वाटत असेल त्याने आकडे पाहावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लक्ष माणसांस कंबरदुखी होती, आणि माणसास अपंग करणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला लागतो. आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांस दुपटी-तिपटीने अधिक होतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ व महाराष्ट्रातील स्त्रियांपैकी शेकडा ५४ यांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. मुले होण्याचे व वाढविण्याचे जे वय, त्याच वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया थोडे चालताच धापा टाकणाऱ्या असाव्यात आणि तरीही आपल्या समाजाने प्रत्येक आईस धडधाकट गृहीत धरून आपला संसार मांडावा, हा हिशोब कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्याच्या खतावणीत जुळावयाचा नाही.

लहान मूल सांभाळणे म्हणजे माया करणे, अशी आपली समजूत आहे. माया तर आहेच. परंतु ते आधी अंगमेहनतीचे काम आहे. दीड वर्षाचे मूल नऊ-दहा किलो भरते. त्यास आई दिवसातून किती वेळा उचलते, किती वेळा वाकते, रात्री किती वेळा उठते, याची मोजदाद कोणी केलेली नाही. आमच्या बाजारपेठेतील हमालाच्या पाठीचा विचार निदान कायद्याने केला आहे. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आहे, मंडळ आहे, त्याखाली भविष्यनिधी आहे. घरातील या ओझ्यास मंडळ नाही, तोल नाही, सुट्टीही नाही. आमवाताच्या रोग्याची बोटे सकाळी उठल्यावर ताठरलेली असतात, तासतासभर मूठ वळत नाही. आणि मूल जागे होऊन दूध मागते ते नेमके त्याच वेळी. ज्या बाईस बाटलीचे झाकण फिरविता येत नाही, परकराची नाडी बांधता येत नाही, तिने रडते मूल उचलून न्हाऊ घालावयाचे असते. बाहेरून पाहणारास तिच्या अंगावर जखम दिसत नाही, ताप दिसत नाही. म्हणून तिला आळशी म्हणणारी माणसेही घराघरांत निघतात. दुखण्याचा एक वाटा शरीर सोसते, दुसरा वाटा हा असा बोल लागल्याने सोसावा लागतो, आणि हा दुसरा वाटा कोणत्याही गोळीने कमी होत नाही.

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट अगदीच ठाऊक नव्हती असे नाही. बाळंतिणीस सव्वा महिना बाजेवर ठेवावे, तिला थंड पाण्यात हात घालू देऊ नये, पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, अशा ज्या रूढी पडल्या त्यांत सोवळ्या-ओवळ्याचा भाग किती होता हा वाद आम्ही आज उकरीत नाही. त्यांच्या मुळाशी एक शहाणपण होते : ज्या बाईचे शरीर थकले आहे व जिच्याजवळ तान्हे मूल आहे तिला दुसऱ्याचे हात लागतात, आणि ते देणे हे नात्यागोत्याचे कर्तव्य आहे. रूढीने ते कर्तव्य बाळंतपणापुरते ठरविले व तेथेच थांबविले. बाळंतपणाला सव्वा महिना आहे, आजारपणाला सव्वा दिवस नाही. आणि माहेरही आता पूर्वीचे राहिलेले नाही. भाऊ सुरतेस किंवा नाशकास कामाला गेलेला, भावजय स्वतः मजुरीला जाणारी, आई स्वतःच गुडघ्यांनी अधू. अशा माहेरी आजारी लेक दोन मुले घेऊन गेली तर ती किती दिवस राहणार? एकत्र कुटुंब सांभाळील असे जे म्हणतात, त्यांनी देवपुरातील किंवा साक्री रस्त्यावरील कोणत्याही दहा घरांत डोकावून त्या कुटुंबात दिवसा घरी राहणारी किती माणसे आहेत हे मोजावे.

सातपुड्याच्या बाजूस हा प्रश्न अधिक बिकट होतो. शिरपूर व साक्री तालुक्यांचा डोंगरी भाग आणि १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा येथील भिल्ल, पावरा इत्यादी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग आढळतो. या रोगात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत व सांध्यांत असह्य कळा सुरू होतात. थंडी, ताप, पाणी कमी पडणे व अतिश्रम ही या कळांस निमंत्रण देणारी कारणे होत. म्हणून रोग्यास सांगितले जाते की पाणी भरपूर प्यावे, गारठ्यात जाऊ नये, अंगास ताण देऊ नये. हा उपदेश उत्तम आहे. पण तो ज्या पाड्यावर द्यावयाचा तेथे पाणी डोक्यावरून आणावे लागते, पहाटेच्या थंडीत शेतावर जावे लागते आणि मूल पाठीशी बांधलेले असते. याहून विशेष असे की, आई-बाप दोघेही या दोषाचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. आणि आई स्वतःच रोगी असून बाप वाहक असेल तर तो संभव दोहोंत एक होतो. म्हणजे कळा येणाऱ्या आईच्या मांडीवर कळा येणारेच मूल असावे, हा प्रसंग तेथे कल्पनेतला नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या मोहिमेचा आरंभ केला आणि २०४७ पर्यंत हा रोग नाहीसा करण्याचा संकल्प सोडला. संकल्प स्तुत्य आहे. परंतु रोग नाहीसा होईपर्यंत ज्या आया त्या रोगासह मुले वाढविणार आहेत, त्यांच्या रोजच्या दिवसाचे काय, याचे उत्तर रक्ततपासणीत नाही.

क्षयाची गोष्ट घ्या. साध्या क्षयाचा औषधोपचार निदान सहा महिने चालतो. त्यातील पहिल्या काही आठवड्यांत बाईस गळाठा असतो, मळमळते, अन्न नकोसे होते. आणि याच आठवड्यांत औषध सोडले तर पुढे औषधास दाद न देणारा क्षय होण्याची भीती असते. औषधाबरोबर अन्न लागते ही गोष्ट आमच्या सरकारने उशिरा का होईना मान्य केली : २०१८ पासून क्षयरोग्यास पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले व नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. आमचे म्हणणे एवढेच की, याच विचाराचे पुढचे पाऊल टाकावे. औषधाबरोबर अन्न लागते हे मान्य झाले. लहान मुलांच्या आईच्या बाबतीत औषधाबरोबर हातही लागतात हे आता मान्य व्हावे. नवसंजीवनी योजनेत आदिवासी भागातील आजारी मुलाजवळ रुग्णालयात राहणाऱ्या पालकास बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. मूल आजारी पडले तर आईचा दिवस बुडतो हे ज्या सरकारला समजते, त्यास आई आजारी पडली तर मुलाचा दिवस बुडतो हे समजावयास अडचण का पडावी?

हे हात आज कोठून येतात ते पाहिले म्हणजे प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. ते बहुधा आठ-दहा वर्षांच्या थोरल्या मुलीचे असतात. आईस उठवत नाही म्हणून ती धाकट्यास सांभाळते. आधी शाळेत उशिरा जाते, मग एक दिवसाआड जाते, मग जात नाही. तिच्या नावापुढे गैरहजेरी पडते, कारण कोणी लिहीत नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्यात त्यांना हीच अडचण आढळली. धाकटे भावंड सांभाळण्यात अडकलेली मुलगी शाळेत यावयाची तर तिच्या कडेवरच्या भावंडाचीही सोय शाळेनेच केली पाहिजे, हे ओळखून त्यांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली. 'अंगणवाडी' हा शब्द व ती कल्पना याच प्रयोगभूमीतली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी देशभर गेली. दुर्दैव असे की नाव गेले, पाळणाघर मागे राहिले. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले दिवसाचे काही तास बसतात. तीन वर्षांखालील मुलांच्या वाट्यास घरी न्यावयाचा शिधा येतो, सांभाळ येत नाही. ज्या वयाचे मूल आईच्या अंगास सर्वांत जड, त्याच वयाच्या मुलास आमच्या अंगणवाडीत जागा नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण आमचा व्यवसायच तो असल्याने आम्ही तेथे अधिक जबाबदारीने बोलू शकतो. पाळणाघर हा शब्द आमच्या कायद्यास अपरिचित नाही. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यातील ४८ वे कलम ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यास पाळणाघर ठेवावयास सांगत होते. १९७६ साली ही संख्या ३० वर आली. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत, कामावर पाच वा अधिक लहान मुले आल्यास एका बाईस त्यांच्या सांभाळासाठी नेमावे असे लिहिले होते. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन ५० वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेस पाळणाघराची सक्ती झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती अट राहिली. हे सर्व कायदे चांगले आहेत. परंतु त्यांचा रोख पाहा : पाळणा मिळतो तो काम करणारीस. बाई कामावर हजर आहे तोपर्यंत तिच्या मुलास पाळणा. ती अंथरुणास खिळली, काम सुटले, की पाळणाही सुटला. जिला तो अधिक लागतो तिच्याच हातून तो निसटतो. २०२२ साली मिशन शक्तीखाली जी पाळणा योजना आली, तिने ही चूक पहिल्यानेच दुरुस्त केली. आई नोकरीत असो वा नसो, सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या तिच्या मुलास पाळणाघर खुले असावे असे धोरण ठरले. खर्चात केंद्राचा वाटा शेकडा ६० व राज्याचा ४० आहे. ही दारे उघडी आहेत. आमच्या जिल्ह्याने त्यांतून आजारी आयांस आत न्यावे, एवढेच उरते.

याहूनही स्पष्ट शब्द २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात आहेत. त्या कायद्याने मानलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत सिकलसेलचाही समावेश आहे. त्याचे २४ वे कलम सामाजिक सुरक्षेच्या योजना आखावयास सांगते, आणि त्या योजनांत काय काय असावे हे सांगताना दिव्यांग स्त्रियांस उपजीविकेसाठी व त्यांच्या मुलांच्या संगोपनासाठी साहाय्य द्यावे असे नमूद करते. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा : मुलांच्या संगोपनासाठी. दिव्यांग म्हणजे ज्याची दुसऱ्याने काळजी घ्यावयाची तो, एवढेच आपण समजत होतो; तीच बाई दुसऱ्या जिवाची काळजी घेणारी असते, हे कायद्याने प्रथम ओळखले. यामागे आंतरराष्ट्रीय करार आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या ज्या करारास भारताने २००७ साली मान्यता दिली, त्याच्या २३ व्या कलमात मुलांच्या संगोपनाची जबाबदारी पार पाडण्यास अशा व्यक्तींना योग्य ते साहाय्य राष्ट्राने द्यावे असे आहे, आणि आई-बापांच्या दिव्यांगत्वाच्या कारणावरून मूल त्यांच्यापासून तोडू नये असेही आहे. २४ व्या कलमात 'सरकारच्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत' अशी पळवाट ठेवलेली आहे हे आम्हांस ठाऊक आहे. पण ऐपतीची मर्यादा ही योजना आखल्यावर आडवी येते. योजना न आखण्याचे ते निमित्त होऊ शकत नाही.

इतर देशांनी काय केले हे सांगणे म्हणजे त्यांचे अनुकरण करा असे सांगणे नव्हे. परंतु अशक्य म्हणून जे सांगितले जाते ते कोठे तरी शक्य झाले आहे, एवढे त्यावरून कळते. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धाने तिजोरी रिकामी झालेली असता १९४६ च्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या कायद्याने स्थानिक मंडळांस अधिकार दिला की, ज्या घरात कोणी आजारी आहे, बाळंतीण आहे किंवा लहान मूल आहे तेथे घरकामास बाई पाठवावी. जर्मनीत आजही सार्वजनिक आरोग्य विम्याच्या कायद्याप्रमाणे, घर सांभाळणारे माणूस रुग्णालयात गेले व घरात १२ वर्षांखालील मूल असून ते सांभाळणारे दुसरे कोणी नसेल, तर घरकामाच्या मदतीचा खर्च विमा उचलतो. इतक्या दूर जावयाचे नसेल तर छत्तीसगडात पाहावे. बिलासपूरजवळ गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने खेड्यांतून 'फुलवारी' काढल्या : सहा महिने ते तीन वर्षांची मुले, गावातीलच एक बाई, दिवसा दोन-तीन वेळा गरम अन्न, आणि एखादी साधी खोली. २०१२ पासून त्या राज्याच्या सरकारनेही फुलवारी चालविल्या. तेथे मोठी इमारत लागली नाही, मोठा पगारही लागला नाही. लागली ती मूल सांभाळणे हे काम आहे हे मान्य करण्याची तयारी.

आमच्या मार्गातला खरा अडथळा पैशाचा नसून आपल्या मनाचा आहे. आई म्हटली म्हणजे ती सोसणारच, आणि जितकी अधिक सोसेल तितकी ती थोर, असे आपण मानीत आलो. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरून घेतली. आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. खानदेशाशी असा ऋणानुबंध असलेल्या या पुस्तकावर येथील चार पिढ्यांनी अश्रू ढाळले आहेत. आम्हीही ढाळले आहेत. परंतु दारिद्र्याने व दुखण्याने झिजत गेलेली ती आई वाचून आपण काय शिकलो? तिच्या मुलाने तिला आठवावे हे तिच्या मुलास शोभले. समाजास शोभणारा प्रश्न वेगळा होता : त्या गावात तिच्या हातातले काम घ्यावयास कोणीच कसे नव्हते? अश्रू ढाळून पुस्तक मिटणारा वाचक उठतो आणि स्वतःच्या घरात, कंबरेस पट्टा बांधून मुलास उचलणाऱ्या बायकोकडे चहा मागतो. मातेच्या पूजेचा हा प्रकार तिला फार महाग पडला आहे. २०१९ साली सरकारने केलेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामास दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात व घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. आणि घरकामास हातच न लावणारे पुरुष चारांत जवळजवळ तीन होते. बायको दुखण्याने बसली तर निदान सकाळचा एक तास, मूल उठल्यापासून त्याचे न्हाणे-खाणे होईपर्यंत, आपला म्हणून धरावा. एवढे करावयास कोणत्याही पुरुषास कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आमच्याविरुद्ध दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार करू. पहिला असा की, क्षयी आईच्या मुलास चार मुलांत बसविले तर रोग पसरेल. औषध नियमित सुरू झाल्यावर बहुतेक रोग्यांपासून लागण होण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. घरातील पाच वर्षांखालील मुलाची तपासणी करून त्यास प्रतिबंधक औषध द्यावे, हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे. दिवसभर कोंदट खोलीत खोकणाऱ्या आईच्या कुशीत मूल राहण्यापेक्षा तपासून घेतलेले मूल हवेशीर पाळणाघरात बसणे अधिक सुरक्षित होय. आणि आमवात, कंबरदुखी किंवा सिकलसेल यांची तर लागणच होत नाही. दुसरा आक्षेप असा की, मूल परक्याच्या हाती गेले म्हणजे आईची माया आटते. हा आक्षेप श्रीमंत घरांत दाई ठेवताना कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. कळा सोसून चिडलेली, रात्रभर जागलेली आई मुलावर हात उगारते आणि मग स्वतःच रडते, हे आमच्या वाचकांतील स्त्रियांस सांगावयास नको. चार तास विसावा मिळालेली आई संध्याकाळी मुलास जवळ घेते ती अधिक मायेने घेते.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या चार सूचना आहेत. पहिली रुग्णालयांस : स्त्री रोग्याच्या केसपेपरवर वय, वजन व रक्तदाब यांबरोबर 'घरी सहा वर्षांखालील मुले किती व ती कोण सांभाळते' हा एक प्रश्न असावा, आणि उत्तर 'कोणी नाही' असे आल्यास आशा सेविकेकडे तशी चिठ्ठी जावी. ज्या प्रश्नाची नोंद नाही त्याची तरतूद कधीच होत नाही, हे रोजमेळ लिहिणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. दुसरी सूचना महानगरपालिका व जिल्हा परिषद यांस : पाळणा योजनेखाली जी अंगणवाडी-पाळणाघरे निघतील त्यांत दीर्घ आजारी आईच्या मुलास पहिला हक्क द्यावा, आणि डॉक्टरांचा दाखला हाच प्रवेशाचा परवाना मानावा, कागदांसाठी आजारी बाईस चार कचेऱ्या हिंडवू नये. तिसरी सूचना राज्य सरकारास : २०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमातील संगोपन-साहाय्य कागदावरून उतरवून सिकलसेलच्या प्रमाणपत्रधारक आयांपासून त्याचा आरंभ करावा. नंदुरबार, शिरपूर व साक्री यांहून योग्य भूमी त्यास मिळणार नाही.

चौथी सूचना आमच्या व्यापारी बंधूंस आहे, आणि ती आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली. खानदेशातील व्यापाऱ्यांचा दानधर्म लहान नाही. कापसाच्या व धान्याच्या पैशातून येथे धर्मशाळा झाल्या, पाणपोया झाल्या, शाळा-कॉलेजे झाली. प्रताप शेठजींच्या गिरणीच्या पैशातून अमळनेरास १९१६ साली तत्त्वज्ञानाचे मंदिरसुद्धा उभे राहिले. थकलेल्या गुरांसाठी व्यापारी गावात पांजरपोळ असावे हे आपण धर्म समजतो, आणि ते योग्यच आहे. त्याच धर्मबुद्धीने मोठ्या रुग्णालयांच्या शेजारी दोन खोल्या, दोन शिकविलेल्या बाया, काही पाळण्या, खिचडी-दुधाची सोय, एवढे उभे करावे. धुळ्याचे सर्वोपचार रुग्णालय हे जिल्हाभरच्या रोग्यांचे ठिकाण. शिंदखेड्याहून किंवा साक्रीहून तपासणीस आलेल्या बाईस रांगेत उभे राहावयाचे, रक्त द्यावयाचे, क्ष-किरणाच्या खोलीत जावयाचे, तेवढा वेळ तिचे मूल विश्वासाच्या हाती असावे. आज पुष्कळ बाया मुलास ठेवावयास जागा नाही म्हणून तपासणीस येतच नाहीत, किंवा फार उशिरा येतात. दानाच्या पाटीवर नाव कोरावयास ही जागा कोणत्याही कमानीहून लहान ठरणार नाही. आणि नाव न कोरता दिले तर अधिकच मोठी ठरेल.

१९४७ साली राज्य आपले झाले. त्या राज्याची कसोटी दिल्लीच्या सभागृहात लागते तशी ती गल्लीतल्या त्या खोलीतही लागते, जेथे एक बाई भिंतीस धरून उठते आहे आणि तिचे मूल तिच्याकडे हात पसरते आहे. तिला आज राष्ट्राकडून गोळ्या मिळतात, शिधा मिळतो, क्षय असेल तर हजार रुपये मिळतात. यांपैकी काहीही आम्ही कमी लेखीत नाही. पण मूल उचलावयास गोळ्यांस हात नसतात. ते हात कायद्याने कबूल केले आहेत, योजनेने लिहिले आहेत; ते तिच्या दारापर्यंत नेणे एवढे काम उरले आहे, आणि ते काम तिचे नव्हे, आपले आहे. महानगरपालिकेचे सभासद व जिल्हा परिषदेचे कारभारी येत्या अंदाजपत्रकात यासाठी कोणती रक्कम धरतात, हे आम्ही पाहू; आणि आमच्या वाचकांनीही आपापल्या वॉर्डाच्या सभासदास ते विचारल्यावाचून राहू नये.